शिंगावरील स्क्रिमशॉसाठी कमी खर्चातील हत्यारे: निवड, तयारी आणि खरेदीचा क्रम

शिंगावर बारीक टिंबे किंवा रेघा टोचून त्यांत शाई भरण्याचे हे काम, म्हणजे स्क्रिमशॉ, शिकू पाहणारे बहुतेक जण सुरुवातीलाच एक चूक करतात: ते सर्वांत आधी कोरण्याचे हत्यार विकत घेतात, आणि तेही बहुधा विजेवर चालणारे. पैसे तिथेच संपल्यामुळे घासण्याचे कागद, भिंग आणि प्रकाश या गोष्टी कशाबशा भागवल्या जातात. मग अर्धवट घासलेल्या पृष्ठभागावर शाई पसरते आणि दोष हत्यारावर जातो. वास्तविक शिंगाला महागडे हत्यार लागत नाही. त्याला नीट पाजवलेले एक टोक आणि आरशासारखा घोटलेला पृष्ठभाग लागतो, आणि या दोन्ही गोष्टी पैशांपेक्षा वेळ जास्त मागतात. म्हणून पुढील टप्पे काम ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने मांडले आहेत. खरेदीही त्याच क्रमाने करावी, फक्त टोकावर कमीत कमी खर्च करून पैसे घासण्याच्या कागदांसाठी राखावेत.

१. हत्यारापूर्वी शिंगाची परीक्षा

गाय, म्हैस, मेंढी, बकरी यांचे शिंग केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असते. ते आतल्या हाडाच्या गाभ्यावर थराथराने वाढते. गाभा काढल्यावर बुडाकडचा भाग पोकळ राहतो आणि टोकाकडचा भाग भरीव असतो. सांबर, चितळ यांसारख्या हरणांचे शिंग मात्र दरवर्षी गळणारे हाड असते. हाडासाठी सुचवलेली हत्यारे आणि पद्धती शिंगाला जशाच्या तशा लावल्या की घोटाळा होतो, कारण हाड ठिसूळ असते, तर शिंग चिवट आणि तंतुमय असते, ते किंचित दबते आणि पुन्हा वर येते.

तुकडा निवडताना फिकट रंगाचा, निदान तीन-चार मिलिमीटर जाडीचा आणि शक्य तितका सपाट भाग घ्यावा. तो उजेडासमोर धरून पाहावा. फिकट शिंग थोडे पारभासी असल्यामुळे थर सुटले असतील तर तिथे चंदेरी किंवा धुरकट डाग दिसतो. असा तुकडा सरावालाही घेऊ नये, कारण टोक नेमके त्या सुटलेल्या थरात अडकते आणि पापुद्रा उचलते. काळे शिंग वाईट नसते, पण त्यावर पांढरा रंग भरावा लागतो आणि पांढऱ्या रंगात प्रत्येक चूक ठळक दिसते. पहिले काम म्हणून ते टाळलेले बरे.

*पडताळणी:* तुकडा खरोखर शिंगाचा आहे की प्लॅस्टिकचा, याची शंका असल्यास तापवलेल्या सुईचे टोक आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला क्षणभर टेकवावे. शिंगाला केस जळल्यासारखा वास येतो. प्लॅस्टिकचा वास वेगळा, रासायनिक असतो.

*सावधगिरी:* हस्तिदंत आणि गेंड्याचे शिंग यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या करारान्वये कडक निर्बंध आहेत. इतर वन्य प्राण्यांच्या शिंगांबाबतही ठिकठिकाणचे कायदे वेगवेगळे आहेत. पाळीव जनावराचे, स्वच्छ करून प्रक्रिया केलेले शिंगच घ्यावे. कच्चे, वास मारणारे, कुठून आले हे न सांगता येणारे शिंग आरोग्याच्या दृष्टीनेही घासू नये.

२. टोक: सुई, कार्बाइड की पाते

सर्वांत स्वस्त आणि सुरुवातीला सर्वांत योग्य टोक म्हणजे हातशिलाईची जाड पोलादी सुई. सुयांच्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक असते. येथे लहान आकड्याची, म्हणजे जाड सुई हवी, कारण बारीक सुई दाबाखाली लवते आणि टिंब हवे त्या जागेच्या शेजारी पडते. शिलाई यंत्राची सुई अनेक जण घेतात, कारण तिचा दांडा जाड असतो आणि तो पकडीत घट्ट बसतो. परंतु तिचे नेढे अगदी टोकाजवळ असते आणि ती नेमकी तिथेच मोडते. ती वापरायचीच असेल तर नेढ्याच्या वरपर्यंतचा भाग तोडून टाकावा आणि उरलेल्या दांड्याला नव्याने टोक काढावे.

*सावधगिरी:* पोलादी सुई तोडताना तुकडा गोळीसारखा उडतो. सुई जाड फडक्यात गुंडाळून पकडीने मोडावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

दुसरा पर्याय टंगस्टन कार्बाइडचा. धातूवर खुणा करण्यासाठी वापरले जाणारे कार्बाइड टोकाचे स्क्राइबर हे या कामातले टिकाऊ हत्यार आहे, पण त्याचे मूळ टोक स्क्रिमशॉसाठी बहुधा बोथट असते. याहून स्वस्त मार्ग म्हणजे सर्किट बोर्डाला छिद्रे पाडणारे, टोक मोडलेले कार्बाइडचे बारीक ड्रिल मिळवणे. त्यांचा दांडा सामान्यतः ३.१७५ मिलिमीटर जाडीचा असतो. कारखान्यांना मोडलेल्या ड्रिलचा उपयोग नसतो. आपल्याला मात्र त्यातून कित्येक महिने चालणारे टोक मिळते. अडचण एकच: कार्बाइड साध्या निसण्यावर घासले जात नाही, त्याला हिऱ्याच्या कणांची कानस किंवा पट्टी लागते. म्हणून हिऱ्याची पट्टी आधी आणि कार्बाइड नंतर. उलट क्रमाने घेतले तर पहिल्या बोथटपणानंतर ते हत्यार खणात पडून राहते.

तिसरा पर्याय हस्तकलेच्या चाकूला लावायचे ११ क्रमांकाचे टोकदार पाते. रेघांसाठी ते हाडावर चांगले चालते, पण शिंगाच्या बाबतीत सावध राहावे. पाते शिंगाचा कण बाहेर काढत नाही, ते केवळ फट पाडते. आणि शिंग लवचीक असल्याने ती फट पुन्हा मिटते. शाई आत शिरत नाही आणि पुसताच रेघ नाहीशी होते. पात्याने रेघ काढायचीच असेल तर दोन्ही बाजूंनी किंचित तिरके असे दोन छेद देऊन मधला केसाएवढा धागा काढावा लागतो. हे नवशिक्याचे काम नव्हे.

विजेवर चालणारा थरथरता किंवा फिरता कोरक पहिल्या खरेदीत अजिबात नको. तो शिंग तापवतो, तापलेले शिंग मऊ पडते, टिंबाच्या कडा वितळल्यासारख्या उभारतात आणि त्या उभारलेल्या कडेत शाई अडकून प्रत्येक टिंबाभोवती राखाडी वलय दिसते. माझ्याकडेही असा एक कोरक आहे. त्याने मी आता फक्त हत्यारांच्या मुठींवर खुणा करतो.

३. मूठ

टोक धरण्यासाठी पिन व्हाइस, म्हणजे लहान ड्रिल हाताने फिरवण्याची बारीक चकवाली मूठ, हा उत्तम पर्याय आहे. घेताना ती किती जाडीपर्यंत पकडते हे पाहावे, ३.२ मिलिमीटरपर्यंत पकडणारी असेल तर सुई आणि वर सांगितलेला कार्बाइड दांडा दोन्ही एकाच मुठीत बसतात आणि दुसरी मूठ घ्यावी लागत नाही.

पैसे वाचवण्यासाठी काही जण जाड शिसे धरणारी यांत्रिक पेन्सिल वापरतात. तिचे जबडे शिसे लिहिण्यापुरते धरतात. टोचण्याचा दाब आला की सुई हळूहळू आत सरकते आणि आपल्याला वाटते की टोकच बोथट झाले. त्यापेक्षा बोटाएवढ्या जाडीच्या लाकडी दांडीला मध्यभागी सरळ भोक पाडून त्यात सुई नेढ्याच्या बाजूने इपॉक्सीने बसवावी. अशा तीन-चार मुठी एका संध्याकाळी तयार होतात आणि प्रत्येक मुठीला वेगळ्या आकाराचे टोक ठेवता येते. दांडी बारीक असेल तर बोटे लवकर आखडतात. पकडीच्या जागी दोरा गुंडाळून जाडी वाढवावी.

*पडताळणी:* सुई मुठीबाहेर ८ ते १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. टोक लाकडाच्या तुकड्यावर दाबून पाहावे. सुई वाकलेली दिसली किंवा मुठीत फिरली तर आणखी आत घ्यावी. माझी पहिली सुई जवळजवळ अर्धी बाहेर होती. ती मोडली, आणि मोडताना आठवडाभर घोटलेल्या तुकड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा काढून गेली.

४. धार पाजवणे

नव्या सुईचे टोक कापडातून जाण्यासाठी घडवलेले असते. ते लांब, निमुळते आणि म्हणूनच नाजूक असते. शिंगात टोचण्यासाठी निमुळतेपणा आखूड हवा, म्हणजे टोकाचा एकूण कोन साधारण ३० अंशांच्या आसपास यावा. यासाठी महागडा दगड घ्यावाच असे नाही. जाड काचेच्या तुकड्यावर १००० आणि २००० क्रमांकाचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासह वापरता येणारा घासकागद (आकडा मोठा तितका कागद बारीक), पाण्याने चिकटवला की सुईपुरता निसणा तयार होतो.

क्रम असा ठेवावा. मूठ कागदाशी तिरकी धरावी, टोक मागे ओढले जाईल अशा दिशेने मूठ न्यावी आणि ओढत असतानाच मूठ अंगठा व तर्जनी यांच्यात सावकाश गोल फिरवावी. फिरवणे थांबले की त्या बाजूला सपाटी येते. १००० वर आकार आला की २००० वर जावे आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर पॉलिशचा कण लावून टोक मागे ओढत आठ-दहा वेळा घोटावे. टोक पुढे ढकलले तर चामड्यात रुतते.

*सावधगिरी:* सुई विजेच्या सहाणेवर धरू नये. टोक क्षणात तापते, आणि ते निळे पडले की हत्याराचे पाणी उतरले, म्हणजे पोलादाचा कठीणपणा गेला, असे समजावे. असे टोक कितीही पाजवले तरी काही टिंबांतच बोथट होते. निळा भाग घासून काढून टाकणे हाच त्यावर उपाय.

*पडताळणी:* टोक आपल्या अंगठ्याच्या नखावर तिरके टेकवून, दाब न देता, केवळ मुठीच्या वजनावर सरकवावे. धारदार टोक तिथल्या तिथे अडकते, बोथट टोक घसरते. नख आणि शिंग एकाच द्रव्याचे असल्याने ही परीक्षा इतर कोणत्याही परीक्षेपेक्षा प्रामाणिक आहे. भिंगाखाली पाहिल्यास धारदार टोकावर प्रकाश चमकत नाही. टोकावर पांढरा ठिपका लकाकला तर तिथे सपाटी आहे असे समजावे. काम करताना ही परीक्षा दर दहा-पंधरा मिनिटांनी करावी. दाब वाढवावासा वाटू लागणे, ही बोथटपणाची पहिली खूण होय.

५. पृष्ठभाग: पैसे येथे खर्च करावेत

ज्याला कमी खर्चात चांगले काम हवे आहे त्याने टोकावर वाचवलेले सर्व पैसे घासण्याच्या कागदांवर घालावेत. शाई चर कोणता आणि ओरखडा कोणता यांत भेद करत नाही. जिथे खोलगट जागा मिळेल तिथे ती बसते.

शिंगाचा वरचा खडबडीत थर काढण्यासाठी कागद झिजवण्याऐवजी हॅकसॉच्या मोडक्या पात्याची सरळ पाठ किंवा चाकूचे पाते जवळजवळ उभे धरून खरवडावे. पातळ पापुद्रे सुटतात, धूळ कमी होते आणि खर्च शून्य. त्यानंतर वॉटर पेपर २२०, ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० या क्रमाने वापरावेत. कागद बोटाने दाबून घासू नये. सपाट लाकडी ठोकळ्याला किंवा खोडरबराला गुंडाळून घासावे, नाहीतर बोटाच्या आकाराचे खळगे पडतात. प्रत्येक कागदाला घासण्याची दिशा आधीच्या दिशेशी काटकोनात ठेवावी आणि आधीच्या दिशेचा शेवटचा ओरखडा दिसेनासा झाल्याशिवाय पुढचा कागद हाती घेऊ नये. येथेच घाई होते. ४०० चा एक ओरखडा २००० पर्यंत तसाच राहिला तर तो शाई भरल्यावर काळ्या केसासारखा उठून दिसतो, आणि तोवर चित्र पूर्ण झालेले असते.

पाणी लावून घासल्यास धूळ उडत नाही आणि कागदही जास्त टिकतो. परंतु शिंग पाणी शोषते आणि फुगते. म्हणून तुकडा पाण्यात बुडवून ठेवू नये, आणि घासून झाल्यावर तो निदान एक दिवस सावलीत सुकू द्यावा. ओलसर शिंगावर काढलेली टिंबे सुकल्यावर आकसतात. सुकवण्यासाठी दिव्याखाली किंवा उन्हात ठेवले तर पातळ तुकडा वाकतो.

*सावधगिरी:* कोरडे घासताना धूळ फुप्फुसांत जाते. नाकावर केवळ कापड न बांधता बारीक कण अडवणारा मुखपट्टा वापरावा.

शेवटचे घोटकाम धातू चमकवण्याच्या पॉलिशने मऊ सुती कापडावर करता येते. काळ्या शिंगावर पांढरे पॉलिश वापरू नये. ते सूक्ष्म छिद्रांत बसून धुके पडल्यासारखे दिसते. पॉलिश पुसून झाले की मेणाचा पातळ थर देऊन घासून चकाकी आणावी. हे मेण सजावटीसाठी नसते. ते शिंगाची छिद्रे बुजवते आणि शाई फक्त टोचलेल्या जागेतच शिरू देते. मेण न लावता टोचायला बसणे ही शाई पसरण्यामागची सर्वांत मोठी चूक आहे.

*पडताळणी:* तुकड्याच्या मागच्या बाजूला, तिथेही असेच घोटून मेण लावून, शाईचा एक थेंब ठेवावा आणि मिनिटाभराने पुसावा. डाग राहिला नाही तरच पुढे जावे.

६. प्रकाश, भिंग आणि आधार

वाचनाचे तयार चष्मे हे सर्वांत स्वस्त भिंग आहे. चांगली दृष्टी असणाऱ्याला +४ चा चष्मा साधारण २५ सेंटिमीटरवर स्पष्ट दाखवतो, आणि हातकामासाठी ते अंतर सोयीचे असते. घड्याळजींचे एका डोळ्याला लावायचे भिंग तपासणीसाठी उत्तम, पण सलग टोचण्यासाठी नाही. एका डोळ्याने पाहताना खोलीचा अंदाज चुकतो. डोक्याला लावायचे दोन्ही डोळ्यांचे भिंग नंतर घ्यावे.

दिवा वरून नको. तो बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवावा, म्हणजे प्रत्येक टिंबाची सावली पडते आणि कुठे टोचले, कुठे राहिले, हे शाई न भरताही दिसते. उष्णता न देणारा एलईडी दिवा असावा.

तुकडा टेबलाच्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, आवळू नये. कापडी पिशवीत वाळू सैल भरून तिच्यावर तो बसवला की हवा तसा फिरवता येतो. हत्यार वळवण्यापेक्षा तुकडा वळवण्याची सवय लावून घ्यावी.

७. शाई

कार्बनची, सुकल्यावर पाण्यात न विरघळणारी काळी चित्रशाई घ्यावी. फाउंटन पेनची शाई वापरू नये, कारण तिच्यात बहुधा रंगद्रव्याचे कण नसून विरघळलेला रंग असतो आणि तो तंतूंतून पसरत जातो. तैलरंग हा तितकाच चांगला पर्याय आहे. त्याचा काजळी काळा फिकट शिंगासाठी आणि पांढरा काळ्या शिंगासाठी चालतो. एक लहान ट्यूब अनेक वर्षे पुरते. तैलरंग सुकायला दिवस लागतात, पण तो घट्ट असल्याने पसरत नाही. चंचल हाताच्या माणसाने तोच घ्यावा.

८. पहिला तुकडा

चित्र लहान आणि टिंबांचेच असावे. रेघा नंतर शिकाव्यात. तंतूंच्या दिशेने ओढलेली रेघ तंतूंमध्ये सापडून भरकटते आणि आडवी ओढलेली रेघ कडेने फाटते. टिंबांना ही अडचण नसते.

मेण लावलेल्या पृष्ठभागावर पेन्सिल उमटत नाही. पातळ कागदावर चित्र काढून तो तुकड्यावर ठेवावा. चिकटपट्टी मेणावर टिकत नाही, म्हणून ती तुकड्याभोवती पूर्ण फिरवून स्वतःवरच चिकटवावी. मग बाह्यरेषेवर मिलिमीटरभर अंतराने कागदातून हलकेच टोचून घ्यावे. कागद काढून, बाजूचा प्रकाश ठेवून, त्या टिंबांच्या मध्ये टिंबे भरत जावे. टोक उभे धरावे. तिरके धरल्यास टिंबाऐवजी स्वल्पविराम उमटतो. गडदपणा दाब वाढवून आणू नये, टिंबे जवळ घेऊन आणावा.

नखाएवढा भाग झाला की लगेच शाई भरावी. त्याआधी मऊ टूथब्रशने टिंबांतली भुकटी झाडावी. ही पायरी वगळली तर शाई भुकटीवर बसते आणि पुसताना भुकटीसह निघून जाते, मग तीच जागा तीन-तीनदा टोचावी लागते. कापसाच्या काडीने शाई लावून अर्धे मिनिट थांबावे आणि किंचित ओलसर, घट्ट गुंडाळलेल्या कापडाने वरच्यावर पुसावे. सैल कापसाचे तंतू टिंबांतली शाई ओढून काढतात.

*पडताळणी:* शाई सुकल्यावर २००० चा कागद एका कोपऱ्यावर दोनदा हलका फिरवावा. टिंबे टिकली तर खोली पुरेशी आहे. नाहीशी झाली तर टोक बोथट आहे किंवा हात फार हलका आहे. आधी टोक नखावर तपासावे आणि मगच दाब वाढवावा.

चूक झाल्यास ६०० पासून पुन्हा घासून ती जागा कोरी करता येते. मात्र केवळ तेवढीच जागा घासली तर खळगा पडतो. सभोवतालचा बराच भाग सोबत उतरवावा आणि मेण पुन्हा लावल्याशिवाय टोचू नये.

९. नंतरची खरेदी आणि जपणूक

दोन-तीन तुकडे पूर्ण झाल्यावर, सुई वारंवार पाजवण्याचा कंटाळा येऊ लागला तर हिऱ्याची बारीक पट्टी घ्यावी, त्यानंतर कार्बाइडचे टोक, आणि मग दोन्ही डोळ्यांचे भिंग. डोळे लवकर थकत असतील तर भिंग पहिले घ्यावे. काम संपल्यावर प्रत्येक टोक बुचाच्या तुकड्यात रोवून ठेवावे. डब्यात सुटी टाकलेली टोके एकमेकांवर आपटून बोथट होतात. उरलेले शिंग झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहावे. केराटिन खाणारे किडे त्यात शिरतात, आणि डब्याच्या तळाशी बारीक भुकटी दिसली तर तो तुकडा इतरांपासून लगेच वेगळा करावा.